एकशे चार नंबरचा कारभारी

माधवी गवई घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून पाहते. गॅस बंद केला की चप्पल घालून दारापर्यंत येते आणि चप्पल काढून परत ओट्यापाशी जाते. तिचा नवरा योगेश म्हणतो, हिच्यासोबत अकोल्याला जायचं तर पहिली बस सोडून द्यायची तयारी ठेवायची. माधवी हसते आणि चौथ्यांदा कुलूप ओढते. ही सवय काही जन्माची नाही. ती तिला एका कॉम्प्युटरनं लावली, आणि ती हकीकत आधी सांगितल्याशिवाय मे महिन्यातल्या त्या शनिवारी ती एका कमांडपुढे का अडून बसली ते कळायचं नाही.

अकोल्याच्या आयटीआयमधून कॉम्प्युटरचा ट्रेड करून माधवी बाविसाव्या वर्षी अमरावतीला वामनरावांच्या क्लासमध्ये लागली. वामनराव शाळेतून रिटायर झालेले मास्तर. त्यांनी वीस जुने कॉम्प्युटर मांडले होते आणि सगळ्यांवर लिनक्स टाकलं होतं, कारण ते फुकट मिळत होतं. माधवी तिथे शिकवायची, झाडायची, मशीन बिघडलं की दुरुस्तही तीच करायची. एक दिवस मुख्य मशीन कुरकुरू लागलं की जागा संपली. तिनं पाहिलं तर आत जुने कर्नेल साचले होते.

आता कर्नेल म्हणजे काय, तर मोठ्या घरात जसा एक कारभारी असतो आणि कुणाला काहीही लागलं तरी ते त्याच्यामार्फतच मिळतं, तसा हा कॉम्प्युटरच्या आतला कारभारी. पडदा, कळा, डिस्क, तारा, सगळ्यांशी बोलणारा तो एकटा. दर अपडेटला नवा कारभारी येतो, पण जुना घर सोडत नाही. तोही कोपऱ्यात पथारी टाकून पडून राहतो. काम एका वेळी एकच करतो, बाकीचे नुसते जागा अडवतात. पाच-सहा जमले की त्यांची ती लहानशी खोली भरून जाते. मग जुन्यांना निरोप द्यावा लागतो. निरोप कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, सगळं शहाणपण एवढ्यातच आहे.

बाविसाव्या वर्षी ते शहाणपण माधवीकडे नव्हतं. तिनं सर्वांत नवा ठेवला आणि बाकीचे झाडून काढले. तिला कुठे ठाऊक, की जागा आधीच संपल्यामुळे तो नवा धड बसलाच नव्हता, त्याचं अर्धं सामान बाहेरच राहिलं होतं! चालू मशीन चालतच राहिलं, म्हणून तिला वाटलं की झालं काम. दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवरून चाळीस पोरांची परीक्षा होती. सकाळी बटण दाबलं, काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या आणि पुढे काही नाही. पोरं लांबलांबून आली होती, दोघीजणी तर थेट शेंदूरजनाघाटहून पहाटेच्या गाडीनं. ती सगळी तशीच परत गेली. वामनराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "बाई, आधी विचारून तरी पाहाचं होतं." कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. सोमवारपासून माधवी क्लासला गेली नाही आणि तिला कुणी बोलावलंही नाही.

त्याला बारा वर्षं झाली. आता माधवी खारपाणपट्ट्यातल्या एका पाणीयोजनेच्या पंपहाऊसवर कंत्राटी ऑपरेटर आहे. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या सीमेला, पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. जमीन काळी, कसदार. पण विहिरीचं पाणी असं खारट की त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. ज्या पाण्यात मीठ नाही त्याला इथली माणसं गोड पाणी म्हणतात. ते दूरच्या धरणातून पाइपानं येतं, पंपहाऊसच्या उंच टाकीत चढतं आणि तिथून गावागावाला पाळीनं मिळतं. एका गावाची पाळी आठ दिवसांनी येते.

पूर्वी प्रत्येक गावाचा वॉलमन पाइपावरच्या वॉलची, म्हणजे झडपेची, चावी फिरवून पाणी सोडायचा. मग गावं चाव्या पळवू लागली. एकानं दुसऱ्याचं पाणी आपल्याकडे वळवलं, त्यावरून डोकी फुटली, पोलीस आले. शेवटी योजनेनं वॉलना मोटारी बसवल्या, त्या पंपहाऊसच्या कॉम्प्युटरला जोडल्या आणि सगळ्या चाव्या गोळा करून अमरावतीच्या ऑफिसात कपाटात कुलपाआड टाकल्या. तेव्हापासून पाणी सोडायचं ते मशीननं. पिंपळखेडचा वॉलमन पुंजाराम पगार घेतो आणि म्हणतो, "आपलं काम आता त्या डब्ब्याले नमस्कार करायचं."

त्या शनिवारी दुपारी तीनला पिंपळखेडचीच पाळी होती. मागची पाळी पाइप फुटल्यामुळे बुडाली होती, त्यामुळे गावाचा सोळावा दिवस चालू होता. पिंपळखेड हे माधवीचं माहेर. भाऊ-वहिनी कामासाठी बाहेरगावी गेल्यापासून तिथे तिचे वडील देवराव तायडे एकटेच राहतात. त्यांच्या किडन्या कमजोर झाल्या आहेत आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं आहे की विहिरीच्या पाण्याचा एक घोटसुद्धा नको. मुलीकडे या म्हटलं तर येत नाहीत. विहारात वंदना कोण घेईल आणि बकऱ्या कोण पाहील, ही दोन कारणं त्यांच्याकडे कायम तयार असतात. सकाळी फोनवर ते म्हणाले होते, "दोन तांबे उरलं हाय. तीन वाजेपर्यंत पुरून जाईन. तू नोको काळजी करू." नको म्हटल्यावर काळजी जास्त लागते, एवढं त्यांना या वयात कळायला हवं होतं.

साडेदहाला नागपूरहून किशोर सरांनी अपडेट पाठवलं. किशोर हा कंत्राटदार कंपनीचा इंजिनिअर. आठ पंपहाऊसची आठ मशीन तो नागपुरातल्या खुर्चीतून सांभाळतो. माणूस वाईट नाही, पण खुर्चीतून सगळंच सोपं दिसतं. वॉल चालवणारा नवा प्रोग्रॅम आला होता आणि तो त्याला सोमवारच्या बैठकीआधी सगळीकडे बसवून मोकळं व्हायचं होतं. अपडेटनं आधी जुना प्रोग्रॅम काढला, नवा आणून ठेवला आणि त्याच्या आधी रांगेत असलेला नवा कर्नेल बसवायला घेतला. तिथे जागा संपली. पंगतीत पुढचा उठल्याशिवाय मागच्याला पाट मिळत नाही, तसा वॉलचा प्रोग्रॅम बाहेर ताटकळत राहिला. किशोरची दुरून मशीनमध्ये शिरायची वाटही त्याच रांगेत अडकली होती, म्हणून त्यानं फोन केला.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. जुने कर्नेल साचलेत. व्हॉट्सॲपवर कमांड पाठवलीय, जशीच्या तशी टाका. शेवटचा नवा राहील, बाकी सगळे साफ. दोन मिनिटांचं काम."

माधवीनं मेसेज उघडून कमांड वाचली. बारा वर्षांपूर्वी तिनंही अगदी हेच केलं होतं.

"सर, मी आधी पाहून सांगते," ती म्हणाली.

"पाहायचं काय त्यात?"

तिनं फोन ठेवला. तिनं मशीनला पहिला प्रश्न विचारला: आत्ता काम कोण करतोय? उत्तर आलं, एकशे चार. मग दुसरा प्रश्न: घरात एकूण किती जण आहेत? सहा नावं आली. लांबलचक आकड्यांची नावं होती, पण शेवटचा आकडा तेवढा वेगळा. एकशे चार, एकशे नऊ, एकशे तेरा, एकशे सोळा, एकशे एकोणीस आणि एकशे बावीस. एकशे बावीसच्या पुढे खूण होती, की हा अर्धवट आहे.

माधवी त्या यादीकडे पाहत राहिली. अर्धवट नवा, हे तर तिच्या ओळखीचंच दुखणं. पण दुसरी गोष्ट तिला कळेना. काम करत होता तो सगळ्यांत जुना. मशीन कधी बंदच झालं नसतं तर ठीक. पण इथे विजेची लाइन दिवसाआड जाते, मशीन बंद पडतं, पुन्हा उठतं. उठताना ते नेहमी सगळ्यांत नवा धरतं. मग दर खेपेला हे एकशे चारवरच का उठतं? कुणीतरी मुद्दाम तसं करून ठेवलेलं असणार. कुणी आणि का, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मोटारी बसवणारी माणसं तीन वर्षांपूर्वीच काम सोडून गेली होती.

मग तिनं किशोरची कमांड टाकली, पण तिच्यात एक शब्द वाढवून. त्या शब्दाचा अर्थ असा, की काय करशील ते फक्त सांग, करू नकोस. मशीननं सांगितलं: एकशे चार काढीन, एकशे नऊ काढीन, तेरा, सोळा, एकोणीस काढीन. बावीस ठेवीन.

म्हणजे जो काम करतोय त्याला हाकलायचा आणि ज्याचं अर्धं सामान रस्त्यावर पडलंय त्याच्या हाती घर द्यायचं. तिनं ओढणीला हात पुसले आणि फोन लावला.

"सर, ही कमांड चालू कर्नेल काढून राहिली. मी नाही टाकत."

"अहो, नवा आहे ना! जागा झाली की तो पूर्ण बसेल. जुना कशाला ठेवायचा? जागा खातो."

"बसला नाही तर?"

"बसतो हो. बाकीच्या स्टेशनवर मी हेच सांगतोय. तुम्हीच एकट्या प्रश्न विचारताय." किशोरचा आवाज जरा चढला. "जूनमध्ये तुमचं रिन्युअल आहे मॅडम. रिपोर्ट मीच पाठवतो, माहीत आहे ना?"

हे त्यानं बोलायला नको होतं. माधवीला राग आला आणि राग आला की तिची शाळेत शिकलेली भाषा गळून पडते.

"सर, तुमी नागपूरचे. तुमच्याकडे नळ सोडला की पाणी. आमच्या पिंपळखेडात पाळीच्या दिवशी सकाळी एक हंडा जुनं पाणी ठेवतेतच ठेवतेत. कितीबी शिळं असो, कितीबी हंडे घासायचे असो. नवं पाणी घरात येऊन हंड्यात पडते, कोणीतरी थे पिऊन पाहते, तवा कुठी जुना हंडा पालथा करतेत. माही वहिनी नवी नवरी होऊन आली तवा तिनं सकाळीच सगळे हंडे घासून पालथे मांडले. तिच्या माहेरी गोड्या पाण्याची विहीर. त्या दिवशी पाणी आलंच नाई. घरात लहान लेकरू होतं सर. आठ दिवस आमी दारोदार तांब्या घेऊन फिरलो. वहिनी अजून त्याची आठवण काढली की रडते."

"मॅडम, हे कॉम्प्युटर आहे," किशोर म्हणाला, "हंडा नाही. तीनच्या आत प्रोग्रॅम चालू झाला नाही तर जबाबदारी तुमची." आणि त्यानं फोन ठेवला.

घड्याळात पावणेबारा झाले होते. चाव्या अमरावतीला कुलपात, चौथा शनिवार म्हणून ऑफिस बंद, आणि कपाटाची किल्ली ज्या साहेबांकडे ते चिखलदऱ्याला लग्नाला गेलेले. हातानं वॉल उघडायची वाट नव्हती. जे काही व्हायचं ते या मशीनमधूनच होणार होतं.

माधवीनं ठरवलं. एकशे चारला हात लावायचा नाही. बावीसलाही नाही. मधले चार आहेत, त्यांच्यातला एकोणीससुद्धा अडीअडचणीला राहू द्यायचा. नऊ, तेरा आणि सोळा, हे तिघेच काढायचे, आणि तेही एकेक करून.

तिनं नेहमीच्या मार्गानं एकशे नऊ काढायला सांगितलं. मशीननं नकार दिला: आधी अर्धवट आहे ते पूर्ण करा. किशोरची कमांड जबरदस्तीनं सगळेच झाडणारी, तिला हा नकार लागू नव्हता. अर्धवट पूर्ण करायला सांगितलं, तर म्हणे जागा नाही. जागा करायला सांगितलं, तर म्हणे आधी अर्धवट पूर्ण करा. सरकारी ऑफिसात दोन खिडक्यांमध्ये माणूस फिरतो तशी ती तीनदा फिरली. साडेबारा वाजले.

तेवढ्यात किशोरचा मेसेज आला. कमांड अडत असेल तर सरळ त्या फोल्डरमध्ये जाऊन जुन्या फाइली हातानं डिलीट मारा, असं त्यानं लिहिलं होतं.

खरं सांगायचं तर माधवीला मोह झाला. फाइली समोर दिसत होत्या. तीन-चार उडवल्या की जागा झालीच. पण फाइली उडवल्या तरी मशीनच्या नोंदीत ते कर्नेल आहेतच असं राहतं, आणि मग पुढच्या प्रत्येक कामात मशीन त्यांना शोधत बसतं, चिडतं, अडतं. शिवाय नावं इतकी सारखी, की एका आकड्याची नजरचूक झाली तर एकशे चारच उडायचा, आणि हातानं उडवताना मशीन थांबवत नाही, विचारत नाही. तिनं खुर्ची मागे सरकवली, डोळे मिटले आणि बारापर्यंत आकडे मोजले.

बाहेर सायकल वाजली. पुंजाराम आला होता. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, तोंड उन्हानं लालबुंद.

"माधवीताई, गावात आवई उठली का मशीन बिघडलं. खरं हाय काय?"

"बिघडलं नाई काका. अडलं हाय."

"म्हंजे पाणी सुटन का नाई थे सांगा. बाया आतापासूनच नळापाशी हंडे मांडून बसल्या. तुमचे बाबा विहारापाशी बसले हायत, कोणाशी बोलून नाई राहिले. तोंड सुकलं त्याइचं. मी म्हणलं, माह्या घरी अर्धी बादली हाय, घ्या. तर म्हनतेत, तुह्या घरी लेकरं हायत."

माधवीला एकदम रडू आल्यासारखं झालं. बाप असा, की त्याला पाणीसुद्धा कुणाच्या घरातलं चालत नाही. ती पुंजारामावर ओरडली, "मंग आणून ठेवा ना त्याइच्या पुढं! विचारता कशाले?" पुंजाराम बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. ओरडल्याचं तिला लगेच वाईट वाटलं.

ती परत मशीनकडे वळली. मशीनमध्ये सामान बसवणाऱ्या मुख्य माणसाच्या हाताखाली एक साधा हमाल असतो. मुख्य माणूस सतरा गोष्टी तपासतो, म्हणून अडतो. हमाल नेमकी सांगितलेली एकच वस्तू उचलतो आणि नोंदही करतो. हे तिला आयटीआयमध्ये नाही, अमरावतीच्या त्या सकाळनंतर सहा महिने इंटरनेटवर डोकं फोडून कळलं होतं. तिनं त्या हमालाला नाव दिलं: एकशे नऊ. पुन्हा वाचलं. बोट पडद्यावर ठेवून एकेक आकडा मोठ्यानं वाचला. मशीननं विचारलं, काढू का? तिचं बोट कळेवर जाऊन थांबलं, मागे आलं, पुन्हा गेलं. तिनं कळ दाबली.

अर्धा मिनिट काही झालं नाही. मग ओळ आली, की काढला. तिनं लगेच विचारलं, काम कोण करतोय? एकशे चार. ठीक. खोलीत किती जागा झाली? थोडी झाली होती, पण पुरेशी नव्हती. मग एकशे तेरा. पुन्हा तेच मोठ्यानं वाचन. मग एकशे सोळा. प्रत्येक वेळी तिनं तोच प्रश्न विचारला आणि प्रत्येक वेळी एकशे चार हेच उत्तर आल्यावरच ती पुढे गेली.

दोन वाजता जागा पुरेशी झाली. तिनं मशीनला सांगितलं, आता अर्धवट राहिलेलं पूर्ण कर. ओळी सरकू लागल्या. एकशे बावीसचं उरलेलं सामान आत आलं. रांग हलली. पुढचं, त्यापुढचं, आणि शेवटी वॉलचा नवा प्रोग्रॅम. दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी पडद्यावर आठ गावांच्या नावांपुढे आठ हिरवे ठिपके उगवले. माधवीनं ओरडून पुंजारामाला आत बोलावलं आणि बोटानं पिंपळखेडचा ठिपका दाखवला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण तोही हसला.

किशोरला फोन केला. तो खूश झाला, पण मोकळेपणानं नाही. "बरं झालं. आता रीस्टार्ट मारा, म्हणजे नवा कर्नेल लागू होईल."

"आधी पाणी सोडते सर. रीस्टार्ट पाळी झाल्यावर."

"मॅडम, प्रोसिजर आहे ती."

"पाळी झाल्यावर," ती म्हणाली.

हा वाद फार लांबला असता, पण तो लाइननं मिटवला. तीनला पाच मिनिटं असताना पंखा मंदावला, दिवा गेला, पडदा काळा झाला. इन्व्हर्टरची बॅटरी फेब्रुवारीपासून मेलेली होती. तिच्याबद्दलचे माधवीचे तीन अर्ज ऑफिसात सुखानं नांदत होते. पंपहाऊसमध्ये असं काही शांत झालं की टाकीवरच्या चिमण्या ऐकू येऊ लागल्या. पुंजाराम म्हणाला, "अरे बाप्पा." जो रीस्टार्ट माधवी टाळत होती तो आता तिला न विचारता होणार होता.

पंचेचाळीस मिनिटं लाइन आली नाही. या पंचेचाळीस मिनिटांत वडिलांचा फोन आला नाही, आणि तिचीही करायची हिंमत झाली नाही. काय सांगणार होती? तिनं हात जोडले नाहीत, नवस बोलला नाही. तिच्या घरात ती रीत नाही. ती फक्त खिडकीतून त्या पांढऱ्या पडलेल्या दुपारकडे पाहत बसली, आणि बावीस वर्षांची असताना ती जेवढी घाबरली होती त्यापेक्षा आज जास्त घाबरली आहे, हे तिला स्वच्छ कळत होतं. तेव्हा पोरांची परीक्षा होती. आज बाप होता.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी पंखा हलला. मशीननं गुरगुर केली, ओळी धावल्या आणि पडदा उजळला. उठलं! पुंजारामानं टाळी वाजवली. माधवीनं विचारलं, काम कोण करतोय? एकशे बावीस. अपडेटनं उठण्याचा क्रम नव्यानं लिहिला होता. पण नवा उठला होता, धडधाकट उठला होता. म्हणजे किशोर सर बरोबरच होते की काय, असं तिला क्षणभर वाटलं आणि तिनं वॉलचा प्रोग्रॅम उघडला.

आठही ठिपके लाल होते. खाली एक ओळ होती: कार्ड सापडत नाही.

मोटारींशी बोलणारं एक हिरवं कार्ड त्या मशीनच्या पोटात बसवलेलं होतं. नव्या कारभाऱ्याला पडदा ओळखू येत होता, कळा ओळखू येत होत्या, पण ते कार्ड त्याच्या ओळखीचं नव्हतं. त्या कार्डाची भाषा फक्त एकशे चारला येत होती. ज्या कुणी माणसानं तीन वर्षांपूर्वी मशीनला एकशे चारवर बांधून ठेवलं होतं, त्यानं ते यासाठीच केलं होतं, आणि जाताना कुणाला सांगायचं तेवढं विसरला होता.

"काय झालं?" पुंजारामानं विचारलं.

"थांबा काका. दोन मिनिटं बोलू नोका."

तिनं मशीन पुन्हा सुरू केलं आणि उठता उठताच कळ दाबून धरली. मेनू आला. त्यात तीन नावं होती. वर एकशे बावीस, मध्ये एकशे एकोणीस, तळाशी एकशे चार. सकाळी ती कमांड टाकली असती तर इथे एकच नाव असतं. ती खाली उतरत तिसऱ्या नावावर गेली, ते दोनदा वाचलं आणि कळ दाबली.

ओळी धावल्या. एका जागी थांबल्या. पुंजारामानं उपरणं तोंडात धरलं. ओळी पुन्हा धावल्या आणि पडदा उजळला. प्रोग्रॅम उघडला तर सातव्या सेकंदाला पहिला ठिपका हिरवा झाला, मग दुसरा, आणि पाचवा पिंपळखेडचा. माधवीनं तो निवडून वॉल उघडायची कळ दाबली. खाली कुठेतरी मोटार घरघरली आणि पाइपातून तो खोल, जड आवाज आला, जो पंपहाऊसवर काम करणाऱ्या माणसाला आईच्या आवाजाइतका ओळखीचा असतो. पुंजाराम सायकल घेऊन निघालासुद्धा. पाणी त्याच्या आधी पोचणार हे त्याला माहीत होतं, तरी तो जोरात पायडल मारत होता.

गाव नऊ किलोमीटरवर. माधवी फोन हातात घेऊन बसली. साडेचारला तो वाजला. मागे भोंग्यावर कुणीतरी ओरडत होतं की पाणी सुटलं, बायांचा गलका होता, हंड्यांचा खडखडाट होता.

"आलं वं माय," देवराव म्हणाले.

"तुमी पेले का बाबा? आधी तुमी प्या."

"पेलो. दोन तांबे पेलो." मग ते म्हणाले, "आज लय उशीर झाला."

तिनं त्यांना काही सांगितलं नाही. लाइन गेल्ती, एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र ती टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडली. पंपहाऊसमध्ये पाहायला कुणी नव्हतं आणि असतं तरी तिनं पर्वा केली नसती.

पाच वाजता किशोरचा फोन आला. सकाळचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"मॅडम, इथून तुमचं मशीन चालू दिसतंय. तुमच्याकडे तो जुना... एकशे चार, आहे ना अजून?"

"हाय. त्याच्यावरच चालू हाय."

"करिश्माच्या स्टेशनवर मशीन उठतं, पण कार्ड धरत नाही. लाइन तिकडेही गेली होती. तिनं सकाळी कमांड जशीच्या तशी टाकली. तिथे आता दुसरा कर्नेलच नाही. तुमच्याकडून कॉपी करून नेली तर..." तो अडखळला. "तुम्ही जाऊ शकाल का?"

माधवीला बरंच काही बोलता आलं असतं. जूनच्या रिपोर्टबद्दल, हंड्याबद्दल. तिनं विचारलं, "तिकडं उद्या सकाळी कोणत्या गावाची पाळी हाय सर?"

किशोरला ते माहीत नव्हतं. तो म्हणाला, पाहून सांगतो.

"राहू द्या," माधवी म्हणाली. तिनं पेनड्राइव्ह लावला, एकशे चारचं सगळं सामान त्यावर घेतलं, नीट उतरलं की नाही ते उघडून पाहिलं आणि करिश्माला फोन लावला. करिश्मा म्हणजे तिकडची ऑपरेटर, नोकरीला लागून सहा महिने झालेली पोरगी. तिनं फोन उचलला, पण तिला बोलताच येत नव्हतं. ताई, ताई, एवढंच म्हणत होती.

"रडू नोको," माधवी म्हणाली. "मशीनले हात लावू नोको आता. मी येऊन राहिली. आणि आयक, तुही काही चूक नाई. तुले कोणी सांगतलंच नोतं."